आवडाई कुंभारीण आणि नाथाचं चपटं डोकं

फार वर्षं झाली. किती, ते मोजायला बसलं तर बोटं सरतात आणि मोजणाऱ्यालाच झोप येते, म्हणून भिवसाळचे लोक मोजत नाहीत. ते एवढंच सांगतात, की तेव्हा उमठी नदीला बारा महिने पाणी होतं, गावात कोष्ट्यांचे चौदा माग चालायचे, आणि कुंभारआळीच्या अगदी टोकाला आवडाई राहायची.

आवडाई उंच होती. कुणाच्याही घरी गेली की आधी तिची सावली आत जायची, मग ती वाकायची, मग ती जायची. हात मोठाले, मडकी भाजायच्या आव्याच्या धुरानं करडे झालेले. बोलणं कमी. चाक तिचा दीर फिरवायचा, पण चाकावरून उतरलेलं मडकं थापीनं थापून गोल करायचं काम आवडाईचं. तिच्या हातचं मडकं कुठूनही बघा, गोलच. असं म्हणतात, की तिनं अंगणात वाळत घातलेली ओली मडकी दिवसभर उन्हाबरोबर आपणहून फिरायची. सकाळी त्यांची तोंडं उगवतीला आणि संध्याकाळी मावळतीला. असंही म्हणतात, की मडक्याला कान लावून ती सांगायची, हे कुणाच्या घरी फुटणार. खरंखोटं उमठीला ठाऊक. पण भिवसाळात तिचं नाव आजही घेतलं जातं ते मडक्यांमुळे नव्हे. ते घेतलं जातं एका तान्ह्या पोराच्या डोक्यामुळे.

त्या पोराचं नाव नाथा. त्याची आई बकुळा, कोष्टीआळीतल्या चंद्राबाईंची सून.

बकुळा मागावर हुशार होती, पण जिवाची फार भित्री. मागावरचा धोटा हातातून निसटून खाली पडला तरी ती दचकायची. कावळा कौलावर आपटला की दचकायची. कुणी मागून हाक मारली की दचकायची, आणि पुढून मारली तरीही. चंद्राबाई म्हणायच्या, कोष्ट्याच्या घरात राहून धोट्याला भ्यायचं म्हणजे माशानं पाण्याला भ्यायचं. बकुळा त्यांना आत्याबाई म्हणायची आणि त्यांनाही थोडी भ्यायची.

नाथा आषाढात झाला. टाळूवर एवढं दाट काळं जावळ घेऊन आला, की बघायला आलेल्या बाया म्हणाल्या, हा पागोटं बांधूनच आलाय. घर म्हणजे एकच लांब खोली. दक्षिणेला खिडकी, खिडकीखाली माग. उगवतीच्या भिंतीत देवळी, तिच्यात घराण्याचे देव. उरलेल्या जागेत तुळईला नाथाचा लाकडी पाळणा टांगलेला. देवाकडे पाय करून झोपायचं नाही, ही तर कोष्टीआळीची जुनी रीत. म्हणून नाथाचं डोकं उगवतीला, पाय मावळतीला. पहिल्या दिवसापासून तसंच. ते बदलावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

नाथा शहाणा होता. बकुळा मागावर बसली की तो पाळण्यात पाठीवर पडून तिच्याकडे टक लावून बघायचा. धोटा इकडून तिकडे पळायचा, सुताचे रंग हलायचे, खिडकीतून ऊन यायचं, आणि या सगळ्यात त्याची आई. हे सगळं त्याच्या डाव्या हाताला. उजवीकडे नुसती भिंत. भिंतीकडे कोण बघतं?

आश्विन लागला. एके सकाळी न्हाऊ घालताना बकुळेनं नाथाचं डोकं हातात धरलं, ओलं जावळ डोक्याला चिकटलं, आणि बकुळेचा हात थांबला. डाव्या बाजूला मागे, कानाच्या वर, डोकं चपटं झालेलं. उजवी बाजू भरीव, डावी बसलेली. जसं काही कुणी तळहात ठेवून दाबलंय. तिनं पुन्हा हात फिरवला. पुन्हा फिरवला. पाणी गार होऊन गेलं.

मग बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? शेजारच्या गयाकाकू पीठ मागायला आल्या आणि पीठ विसरून डोकं बघत बसल्या. त्या म्हणाल्या, त्यांच्या माहेरी एकाचं असंच होतं, त्याला पागोटं कधी बसलंच नाही, लग्नातसुद्धा सारखं घरंगळायचं. न्हाऊ घालणारी बाई म्हणाली, रोज दोन्ही तळव्यांमध्ये धरून दाबू या. कुणी म्हणालं, डोकं कललं की अक्कलही कलते. आणि सगळ्याच म्हणाल्या, आत्ता जावळ आहे तोवर झाकलंय. चैत्रात भैरवनाथाच्या जत्रेला जावळ उतरवलं की सगळ्या गावाला दिसेल.

बकुळेच्या पोटात तेव्हापासून एक गोळा बसला. तिला दिसायचं ते एकच. जत्रा, माणसांची गर्दी, न्हाव्याचा वस्तरा, आणि केस खाली पडता पडता सगळ्यांच्या तोंडावर येणारं हसू. नाथाला आयुष्यभर पुरेल एवढं हसू.

चंद्राबाईंनी मात्र रडण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी विचार केला, आणि त्यांच्या मते तो फार साधा विचार होता. गावात वाकडं ते गोल करणारं माणूस कोण? आवडाई. मग झालं तर. मडकं थापून गोल होतं, डोकंही होईल, अजून कच्चंच तर आहे. त्यांनी कुंभारआळीला निरोप धाडला, की उद्या सकाळी थापी घेऊन ये, नाथाचं डोकं नीट करून दे.

बकुळेनं हे ऐकलं आणि नाथाला उचलून छातीशी धरलं. ती थापी तिनं बघितली होती. चिंचेच्या लाकडाची, हातभर लांब.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्राबाई सूत धुवायला नदीवर गेल्या. बकुळेचा नवरा हैबती लुगडी घेऊन बाजाराला गेला होता. घरात बकुळा, नाथा आणि पोटातला तो गोळा. तिला वाटलं, आवडाई यायच्या आत आपणच काहीतरी करावं. डोकं जरा तरी गोल दिसलं तर थापी आल्या पावली परत जाईल. गयाकाकूंनी सांगितलं होतं, की पोराला पालथं निजवावं, खाली राईची उशी द्यावी, म्हणजे चपट्या बाजूला भार नको. उशी त्यांनीच आणून दिली होती, मऊ मऊ मोहरीनं भरलेली. बकुळेनं नाथाला पाजलं. तो पेंगला. तिनं पाळण्यात उशी ठेवली, त्यावर त्याला पालथं घातलं, आणि चपटी बाजू वर आलेली बघून तिला किती तरी दिवसांनी बरं वाटलं. ती मागावर जाऊन बसली. धोटा पळू लागला. नाथा रडत नव्हता. नाथा हलतही नव्हता. गाढ झोपला, असं तिला वाटलं.

दारात अंधारलं. आधी सावली आत आली, मग आवडाई वाकली. बकुळा अशी दचकली की धोटा मागाखालच्या खड्ड्यात जाऊन पडला. पण आवडाईनं तिच्याकडे बघितलंच नाही. तिनं पाळण्याकडे बघितलं. दारापासून पाळणा सहा पावलांवर होता. असं म्हणतात, की आवडाईनं ते अंतर एका पावलात तोडलं. तिचे ते करडे हात पाळण्यात गेले आणि नाथाला उलटा करून वर घेऊन आले.

त्याचं तोंड लालभडक झालं होतं आणि घामानं भिजलं होतं. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्यानं एक लांब श्वास ओढला, आणि त्या श्वासाच्या मागून असा टाहो फोडला, की म्हणतात, भिवसाळातले चौदाच्या चौदा माग थांबले.

बकुळा पाळण्यापाशी आली. आत मोहरीच्या उशीवर एक खळगा पडला होता. दोन डोळ्यांच्या जागा, मध्ये नाकाची, खाली उघड्या ओठांची. नाथाचं तोंड जसंच्या तसं त्या मोहरीत उमटलं होतं. बकुळा भुईवर बसली.

आवडाईही बसली. नाथाला खांद्यावर उभा धरून थोपटत राहिली, तो हुंदक्यावर येईपर्यंत. मग तिनं हळूच विचारलं, की हे कुणी सांगितलं.

"गयाकाकूंनी," बकुळा म्हणाली. "आणि तुम्ही थापी घेऊन येणार होता."

आवडाईनं आपल्या हातांकडे बघितलं. असं म्हणतात, की आवडाई जन्मात तीनदाच हसली, आणि त्यातलं पहिलं हसू हे.

"थापी घरी हाय, पोरी. मी माती थापते. मातीला आपणहून वाढता येत न्हाई, म्हणून तिला थापावं लागतं. हे वाढतंय. ह्याला थापायचं न्हाई, ह्याला जागा द्यायची."

मग तिनं काखेत आणलेलं एक कच्चं मडकं बकुळेपुढे ठेवलं. ते चंद्राबाईंना दाखवायला आणलं होतं. मडक्याची एक बाजू सुरेख गोल आणि एक बाजू बसलेली, चपटी. तिनं सांगितलं, की हे काल मुद्दाम एका कुशीवर ठेवून दिलं, फिरवलं नाही. बाकीची फिरवली, ती गोल राहिली. ह्याला कुणी मारलं नाही, दाबलं नाही. भुई वाईट नाही, मडकं वाईट नाही, कुंभारीणही वाईट नाही. ते एका जागी फार वेळ राहिलं, एवढंच झालं.

एवढंच झालं. हे शब्द बकुळेच्या कानात गेले आणि तिला रडू आलं. तोवर तिला वाटत होतं, की तिनं गरोदरपणी काही पाप केलं असणार.

आवडाईनं खोलीभर नजर फिरवली. देवळी बघितली, पाळणा बघितला, खिडकी बघितली, माग बघितला. मग नाथाला पाळण्यात पाठीवर निजवलं, उशी काढून बाहेर अंगणात टाकली, आणि नाथाचं डोकं उगवतीला ठेवायच्या ऐवजी मावळतीला ठेवलं. बकुळेला म्हणाली, जा, मागावर बस. बकुळेनं धोटा उचलला. खट् वाजलं. नाथानं आवाज कुठून आला ते शोधलं. डावीकडे बघितलं, तिथं भिंत. मग हळूहळू, जड दार उघडावं तशी त्याची मान उजवीकडे वळली, आणि आई सापडली. तो हसला. चपटी बाजू पहिल्यांदाच मोकळी झाली होती.

नेमक्या त्याच वेळी चंद्राबाई ओल्या सुताचं गाठोडं डोक्यावर घेऊन दारात आल्या. त्यांनी डोकं बघितलं नाही. त्यांनी पाय बघितले. नातवाचे दोन्ही पाय थेट देवळीकडे.

चंद्राबाई म्हणाल्या, की थापायला बोलावलं होतं, घर बाटवायला नव्हे. आवडाई म्हणाली, थापलं तर फुटेल. चंद्राबाई म्हणाल्या, मग मडक्याला देतेस तशी कापडाची चुंबळ दे डोक्याखाली, पण पाय फिरव.

"मडक्याला चुंबळ लागते, चंद्राबाई, कारण मडक्याला मान न्हाई. ह्याला मान हाय. मान फिरू द्या."

"आणि देवाला पाय लागतात ते?"

"एवढ्याशा पायांनी देवाला काय हुतंय? गुदगुल्या हुतील."

चंद्राबाईंना हसू आलं नाही. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं, नाथाला उचललं, आणि पुन्हा डोकं उगवतीला केलं. आवडाई उठली. जाताना एवढंच म्हणाली, की मी रोज दिवेलागणीला येईन आणि डोकं कुठं आहे ते बघीन.

आणि ती आली. रोज आली. सांजवात लागायच्या वेळेला दारात सावली पडायची, मग ती वाकायची, आत यायची, नाथाचं डोकं मावळतीला करायची आणि एक शब्द न बोलता निघून जायची. तिची पाठ वळली की चंद्राबाई उठायच्या आणि डोकं उगवतीला करायच्या. दोघी एकमेकींना सहज विचारायच्या, पाऊस कसा, पीक कसं. आणि पाळण्यात पोर फिरत राहायचं. आठ दिवस असं चाललं. नाथाला मजा वाटायची. बकुळेला वाटेना. दिवसातून घटकाभर मान उजवीकडे आणि उरलेला सगळा वेळ डावीकडे, यानं काय होणार? ती मनात चैत्रापर्यंतचे दिवस मोजायची, आणि ते रोज एकानं कमी व्हायचे.

नवव्या दिवशी आवडाई येऊन गेली. चंद्राबाई नेहमीसारख्या उठल्या. आणि बकुळा, जी धोट्याला भ्यायची, ती पाळण्याच्या आड उभी राहिली. राईच्या उशीचं तिनं तोवर सासूला सांगितलं नव्हतं. ते तिनं आता सांगितलं, सगळं, मोहरीतल्या नाकाच्या खळग्यापर्यंत.

"आत्याबाई, मला देवाची भीती वाटते. तुमचीही वाटते. पण त्या खळग्याहून मोठी भीती आता माझ्याकडे नाही."

चंद्राबाई चुलीपाशी जाऊन बसल्या. नाथाचं डोकं त्या दिवशी मावळतीलाच राहिलं, पण घरात कुणी कुणाशी बोललं नाही, आणि बकुळेला वाटलं, आता आपल्याला माहेरी धाडतील.

सकाळी बकुळा उठली आणि बघते तो काय, देवळी रिकामी.

ती दचकली, ओरडणार तेवढ्यात तिला दिसलं. उत्तरेच्या भिंतीत, जिथं चंद्राबाईंचा पानाचा डबा असायचा, त्या कोनाड्यात सगळे देव मांडलेले. खाली ताजं शेणानं सारवलेलं, पुढे ओली रांगोळी, वर झेंडूचं फूल. आता नाथाचं डोकं उगवतीला करा नाहीतर मावळतीला, पाय देवाकडे जायचे नाहीत. चंद्राबाई चुलीपाशी पाठमोऱ्या बसून भाकरी थापत होत्या. त्यांच्या नखांत हिरवट शेण अडकलं होतं.

गयाकाकू आल्या, त्यांनी विचारलंच, देव हलवलेत वाटतं. चंद्राबाई मागे न बघता म्हणाल्या, "मी कशाला हलवू? त्यांना तिथं ऊन लागत होतं. तेच म्हणाले."

गावात तेच झालं. असं म्हणतात, की भिवसाळच्या कोष्ट्याचा देव एका तान्ह्या पोरासाठी आपल्या पायांनी उठला, खोली ओलांडून गेला आणि दुसऱ्या भिंतीत जाऊन बसला. हे सांगणारे शपथ घेऊन सांगतात. बकुळेनं कधी कुणाचं खोडून काढलं नाही. पण त्या सकाळी तिनं भाकरी वाढून घेतली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की पोटातला गोळा निम्मा झालाय, कारण बरोबर तेवढ्या जागेत भाकरी मावली.

त्या दिवसापासून घराला नवी चाल लागली. एक दिवस माथा उगवतीला, एक दिवस मावळतीला. नाथा निजला की पाठीवर, उताणा, पाळण्यात उशी नाही, चिंधी नाही. पाजताना एकदा या हातावर, एकदा त्या. आणि जागा असला की पाळण्यात पडून राहायचं नाही. कुणाच्या तरी कडेवर, खांद्यावर, नाहीतर भुईवर गोधडी टाकून पालथा, आणि आईचे डोळे त्याच्यावर.

हे पालथं पडणं नाथाला मुळीच आवडलं नाही. पहिल्या दिवशी तो तपकिरीची डबी चोरीला गेलेल्या म्हाताऱ्यासारखं तोंड करून रडला. बकुळा त्याला उचलायला धावली. आवडाई म्हणाली, रडू दे जरा, तू त्याच्यासमोर त्याच्यासारखी हो. बकुळा गोधडीवर पालथी झाली आणि नाथाच्या नाकापुढे नाक आणून बसली. तो गप्प झाला. मान उचलून बघू लागला. मान लटपटली, टेकली, पुन्हा उचलली. दुसऱ्या दिवशी चंद्राबाई म्हणाल्या, तुला नीट तोंडं करता येत नाहीत, सरक, आणि त्याही पालथ्या झाल्या. हैबती बाजारातून आला तेव्हा दारातून त्याला असं दिसलं, की आई आणि बायको दोघी भुईवर पालथ्या पडून बेडकासारखे आवाज काढतायत आणि पोर त्यांना हसतंय. तो तसाच मागच्या मागे बाहेर गेला आणि घर चुकलं नाही ना, ते बघून परत आला. आवडाईचं दुसरं हसू ते.

आवडाई रोज येतच राहिली. ती फार बोलायची नाही, पण पाळणा हलवताना गुणगुणायची. बाया दारात उभ्या राहून ऐकायच्या, म्हणून ती ओवी गावात राहिली.

निजता उताणा गं, जागता पालथा,
आज माथा उगवतीला, उद्या मावळता.
उशी नको, चुंबळ नको, थापू नको माथा,
आपसूक गोल होतो वाढता वाढता.

पौष गेला, माघ गेला. नाथा आपणहून कुशीवर वळू लागला, मग बसू लागला. बकुळा रोज न्हाऊ घालताना डोळे मिटून डोक्यावरून हात फिरवायची आणि तिला कळेना, की खरंच भरून येतंय, की तिच्या मनालाच तसं वाटतंय. आवडाईला विचारलं तर ती म्हणायची, मडकं सारखं सारखं चाचपलं तर बोटं उमटतात.

चैत्र आला. भैरवनाथाच्या देवळापुढे गर्दी झाली. ढोल, धुरळा, रेवड्या. नाथाला मामाच्या मांडीवर बसवलं. न्हाव्यानं जावळ भिजवलं, वस्तरा काढला. गयाकाकू सगळ्यांच्या पुढे उभ्या होत्या. त्या कुठल्याही जावळाला मागे उभ्या राहत नसत. बकुळेनं डोळे मिटले. वस्तऱ्याचा खरखर आवाज ऐकू येत होता. तिला वाटलं, हा आवाज थांबूच नये.

तो थांबला. बकुळेनं डोळे उघडले नाहीत. मग गयाकाकूंचा आवाज आला, आणि त्यात चक्क नाराजी होती. त्या म्हणाल्या, "अगं बाई, हे तर चांगलं गोल आहे."

बकुळेनं बघितलं. मामाच्या मांडीवर नाथा बसला होता, हातातली रेवडी चाटत, आणि उन्हात त्याचं डोकं आव्यातून नुकत्याच काढलेल्या मडक्यासारखं चमकत होतं. तिनं पुढे होऊन दोन्ही हात त्यावर ठेवले. उजवी बाजू गोल. डावी बाजू गोल. फक्त कानाच्या वर, मागे, अंगठा टेकावा एवढीशी जागा अजून थोडी सपाट होती, आणि तीही माहीत असणाऱ्यालाच सापडली असती. तिनं आवडाईकडे बघितलं. आवडाई गर्दीत सगळ्यांपेक्षा वीतभर उंच उभी होती.

"तेवढं असू दे, पोरी," ती म्हणाली. "तेही भरंल. आन न्हाई भरलं तर वर केस येतील, पागोटं येईल, अक्कल येईल. पूर्ण गोल फक्त मडकंच असतं."

असं म्हणतात, की त्याच क्षणी जत्रेतला मोठा ढोल बकुळेच्या कानाशी वाजला, आणि बकुळा दचकली नाही. ती हसत होती आणि रडत होती आणि चंद्राबाईंनी तिला धरलं होतं, की चंद्राबाईंना तिनं, ते कुणालाच कळलं नाही. आवडाईचं तिसरं हसू तेव्हाचं.

त्या चैत्रापासून आवडाईला दिवेलागणीला एक घर पुरेना. ज्या घरी पाळणा, त्या घरी तिची सावली. नाथाच्या मागून कोष्टीआळीत पोरं झाली, मग माळीआळीत, मग पलीकडच्या वस्तीवर. आवडाई म्हातारी झाली, जराशी वाकली, तरी अजूनही इतरांपेक्षा उंचच. नाथा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, पागोटं नीट बसलं. त्याच्या घरी मुलगी झाली त्या वर्षीची गोष्ट. गावात तेव्हा अकरा पाळणे होते. असं म्हणतात, की एका संध्याकाळी आवडाई अकराही घरांत एकाच वेळी गेली. अकरा आयांनी नंतर शपथेवर सांगितलं, की सांजवात लावत होते, सावली पडली, आवडाई वाकून आत आली, तिनं पोराचं डोकं फिरवलं आणि गेली. प्रत्येकीच्या घरी, त्याच घटकेला.

सकाळी कुंभारआळीतलं तिचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. अंगणात ओली मडकी होती, सगळी मावळतीकडे तोंड केलेली, एकही चपटं नव्हतं. कुणी म्हणतं, ती माती आणायला उमठीच्या काठी गेली आणि मातीनं तिला ठेवून घेतलं. बकुळा तेव्हा पिकल्या केसांची झाली होती. ती म्हणाली, गेली कुठे, आता हिला सगळ्या गावांच्या पाळण्यांवर जायचंय, पायी कशी पुरी पडेल?

भिवसाळ अजून आहे. माग आता चारच राहिलेत, मडकी बाजारातून येतात. पण ज्या घरात तान्हं मूल असतं, त्या घरातला देव जावळ उतरेपर्यंत आपल्या देवळीत बसत नाही. त्याला दुसऱ्या कोनाड्यात पाहुणा धाडतात, आणि तो सासूनंच आपल्या हातानं न्यायचा असतो. बारशाच्या दिवशी कानात नाव सांगायच्या आधी घरातली सगळ्यात थोरली बाई बाळाचा माथा एकदा या टोकाला करते आणि एकदा त्या. राईची उशी त्या गावात कुणी शिवत नाही. आणि बाळाच्या डोक्याला कुणी हसत नाही, गयाकाकूंच्या घराण्यातलेसुद्धा.

रोज दिवेलागणीला शेजारीण आपल्या उंबऱ्यावरून बाळंतिणीला हाक मारते. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही विचारत नाही. विचारते, "आवडाई येऊन गेली का गं?"

म्हणजे आज बाळाचा माथा फिरवलास का.

कधी एखादी आई विसरलेली असते. नवी असते, दमलेली असते, घाबरलेली असते. मग ती उठून पाळण्यापाशी जाते. पाळण्याची कडी किणकिणते. बाळ झोपेत एक उसासा टाकतं. आणि मग अंधारू लागलेल्या घरातून, अगदी निवांत आवाजात, उत्तर येतं, "हो काकू. आत्ताच येऊन गेली."